ऑर्विन स्कालेरुडची सतरा भांडी

आमच्या टॉर्विकमध्ये कुणाच्या घरी माणूस गेलं की त्या घरी भांडी येतात. काचेची, पसरट, ओव्हनमध्ये जाणारी. आत बटाटे, नूडल्स, कोंबडी असं काहीतरी आणि वर चीज. भांड्याच्या बुडाला कागदी टेपची पट्टी, पट्टीवर मालकिणीचं नाव. घरच्यांनी खायचं, भांडं घासायचं आणि महिन्याभरात परत करायचं. रिकामं मात्र नाही. रिकामं भांडं परत केलं म्हणून कुणी कुणाला बोलल्याचं मला आठवत नाही, कारण रिकामं भांडं कुणी परत केल्याचंच मला आठवत नाही.

माझा नवरा हार्लन गेला तेव्हा अकरा आली होती. तिसऱ्या आठवड्यात मी अकराही परत केली, दालचिनीची बिस्किटं भरून. नवरा गेला म्हणून हातपाय गेले नव्हते. तेव्हा मी शाळेची बस चालवायचे आणि सकाळी साडेसहाला बर्फात बस सुरू करणाऱ्या बाईला फार वेळ रडत बसता येत नाही.

समोरच्या घरातली अर्डिस स्कालेरुड जानेवारीत गेली. तिच्या नवऱ्याच्या, ऑर्विनच्या घरी सतरा भांडी आली. हा गावचा उच्चांक होता. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, बर्फ वितळलं, बीट पेरले, बीट काढले. एकही भांडं परत आलं नाही.

ऑर्विनने एकेचाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर काटा सांभाळला. गव्हाचा ट्रक आत आला की वजन, रिकामा होऊन बाहेर पडला की वजन. एवढ्या वर्षांत त्याची वजनात चूक झाली नाही. बोलण्यातही झाली नाही, कारण तो बोललाच नाही. अर्डिसला मागणी घालताना तो म्हणे एवढंच म्हणाला होता, ‘लग्न करावं म्हणतो. तुला चालणार असेल तर.’ आणि ती म्हणाली होती, ‘बघू.’ त्याच्यावर दोघांनी पन्नास वर्षं काढली आणि चांगली काढली. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे होकार असतो. नकार द्यायचा असेल तर माणसं ‘हो हो, नक्की’ म्हणतात.

त्यांना मूलबाळ झालं नाही. थँक्सगिव्हिंगला सगळं गाव आठ-दहा किलोची टर्की भाजायचं तेव्हा अर्डिस म्हणायची, ‘दोन माणसांनी टर्की आणली की नाताळपर्यंत तिचंच तोंड बघत बसायचं.’ म्हणून ती सणाचं कोंबडं करायची. एकच भांडं. खाली शिळ्या पावाचे तुकडे, कांदा, सेलरी, सफरचंद, मूठभर क्रॅनबेरी, सेजची वाळकी पानं चुरडून. त्यावर कोंबडीच्या मांड्यांचे सहा तुकडे, वरून लोणी, बाजूने कोंबडीचं पाणी. अकराला ओव्हनमध्ये, सव्वाबाराला बाहेर. टर्कीच्या ताटात जे जे असतं त्या सगळ्याची चव, आणि घासायला भांडं एक. कुणी आजारी पडलं, कुणाचं माणूस गेलं, की जूनमध्येसुद्धा अर्डिस हेच घेऊन जायची. हार्लन गेला तेव्हा माझ्याकडे आलेल्या अकरांतलं पहिलं भांडं तिचं होतं. मला त्या दिवसातलं दुसरं काही आठवत नाही, ती चव आठवते.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात अर्डिस मला म्हणाली, ‘लव्हॉन, मी गेले की भांडी येतील.’

‘येतील.’

‘त्याला काही रांधता येत नाही. म्हणजे तो परत करायचा नाही. आणि परत केली नाहीत म्हणून कुणाला तोंड दाखवायचा नाही. तो असाच घरात बसेल गं, आणि लोक त्याला बसू देतील. तू बसू देऊ नकोस.’

मी ‘बरं, मी बघते’ म्हटलं. आणि मग दहा महिने काही केलं नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही.

पण करणार तरी काय? त्याला जाऊन सांगायचं की बाबा रे, लोकांची भांडी तुझ्याकडे आहेत? म्हणजे लोकांना भांड्यांची पडली आहे असा त्याचा अर्थ झाला. सतरा भांड्यांत मीच काहीतरी भरून गावभर वाटायचं? मग ती मी परत केली असती, त्याने नाही. बस चालवताना मागच्या बाकावरच्या भांडणात मी एका आवाजात निकाल लावत असे. इथे माझा आवाज फुटेना. आमच्या गावात माणूस बुडत असला तरी आधी त्याला पाणी कसं आहे ते विचारतात.

अर्डिस म्हणाली होती तसंच झालं. ऑर्विन चर्चला यायचा बंद झाला. वाणसामान आणायला वीस मैलांवरच्या दुसऱ्या गावी जाऊ लागला. रोज सकाळी दहाला कॉफीच्या दुकानात पुरुषांचं टेबल बसतं. तिथे खिडकीजवळची खुर्ची त्याची. त्या टेबलावरच्या प्रत्येकाच्या बायकोचं भांडं त्याच्या तळघरात होतं, त्याने कुठल्या तोंडाने जाऊन कॉफी प्यायची? त्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. गोर्डी ऊडेगार्ड तिच्यावर आपली टोपी ठेवायचा, म्हणजे परगावचं कुणी चुकून बसू नये.

आणि गावाची भांड्यांवाचून अडचण होत होती, ते निराळंच. ऑक्टोबरात चर्चचं सुगीचं जेवण असतं, अडीचशे पानं. गोर्डीची बायको मायर्ना स्वयंपाकघराची मुखत्यार. तिने त्या वर्षी बाजारातून फॉईलचे पातळ ट्रे आणले. उकडलेले बटाटे प्लास्टिकच्या टबात गेले. एक ट्रे उचलताना मधेच वाकला आणि शेंगांची भाजी पाद्रीबाईंच्या बुटांवर गेली. ‘बूट पुसायचेच होते,’ पाद्रीबाई म्हणाल्या.

मायर्ना भाजी पुसता पुसता मला म्हणाली, ‘ऑर्विन बरा आहे का गं?’

‘बरा असेल.’

‘नाही, सहज विचारलं.’

‘हो ना.’

‘हल्ली फॉईलचे ट्रे काही पूर्वीसारखे येत नाहीत.’

‘नाही येत.’

एवढं बोलून दोघी भाजी पुसत राहिलो. स्वयंपाकघरात नऊ बायका होत्या. नऊजणींची भांडी कुठे आहेत ते नऊजणींना ठाऊक होतं, आणि अळीमिळी गुपचिळी. ऑर्विनला वाटत होतं की गाव आपल्यावर रागावलं आहे. गाव फक्त त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून गप्प होतं. दोघं एकमेकांचं मन सांभाळत होते आणि त्यात तो माणूस दिवसेंदिवस वाळत चालला होता. सहा फुटी माणूस, त्याचा कोट खुंटीवर टांगल्यासारखा दिसायला लागला होता.

नोव्हेंबरच्या मध्यावर एके दुपारी तो माझ्या दाराशी आला. दहा महिन्यांत पहिल्यांदा. मी कॉफी टाकली. तो ‘नको’ म्हणाला, मी ‘झालेलीच आहे’ म्हटलं, तो ‘उगाच त्रास’ म्हणाला, मी ‘कसला त्रास’ म्हटलं, तो ‘अर्धा कप’ म्हणाला. मी पूर्ण ओतला.

‘तुझ्या गाडीची बॅटरी ठीक आहे ना?’

‘ठीक आहे.’

‘थंडी वाढणार म्हणतात.’

‘म्हणतात खरं.’

पंचवीस मिनिटं हवापाणी झालं. मग तो उठला, टोपी घातली, दाराच्या मुठीला हात लावला. आमच्याकडे कामाचं बोलणं मुठीला हात लावल्यावर सुरू होतं.

‘फार्गो शहरात माझ्या ओळखीचा एक माणूस आहे,’ तो दाराला म्हणाला.

‘बरं.’

‘त्याला कोंबडी करायची आहे. एका भांड्यातली. त्याच्याकडे कृतीचं कार्ड आहे, हाताने लिहिलेलं. त्यावर लिहिलंय, मीठ नेहमीचं. तो विचारत होता, नेहमीचं म्हणजे किती औंस?’

ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण सतरा भांडी लपवणारा हा पहिलाच. मी हसू दाबलं.

‘किती माणसांसाठी करतोय तुझा हा फार्गोवाला?’

‘एक भांडं. म्हणजे... सतरा.’

‘सतरा भांडी?’

‘मोठं कुटुंब आहे.’

‘एका भांड्याला दोन चमचे,’ मी म्हटलं.

त्याने खिशातून कोठाराची जुनी वजनाची वही काढली आणि लिहून घेतलं.

‘आणि शिजेपर्यंत म्हणजे?’

‘शिजेपर्यंत.’

‘ते तिथे लिहिलंय. मिनिटं किती?’

‘सव्वा तास. वरचं कातडं तांबूस झालं की काढायचं.’

‘तांबूस म्हणजे कुठला?’

‘लाल गव्हासारखा.’

त्याच्या चेहऱ्यावर दहा महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी उमटलं. ‘हिवाळी की उन्हाळी?’

‘उन्हाळी.’

‘मग कळलं,’ तो म्हणाला. पेन्सिल तशीच धरून उभा राहिला. ‘सेजपुढे काही आकडाच नाही.’

‘मग काय लिहिलंय?’

‘“तुला माहीत आहे.” एवढंच.’

हे अर्डिसने स्वतःसाठी लिहिलं होतं की तिच्या आईने तिच्यासाठी, ते आता कोण सांगणार? आणि तो ते कितव्यांदा वाचत होता, तेही मी विचारलं नाही.

‘माहीत आहे का त्याला?’ मी म्हटलं.

‘नाही,’ ऑर्विन म्हणाला. ‘इतकी वर्षं खाल्लं त्याने, आणि माहीत नाही.’

‘मूठभर घालायला सांग. वास आला की पुरे.’

तो गेला. मी दार लावून त्याच्या कपातली उरलेली कॉफी ओतून टाकली आणि थोडी रडले. अर्डिससाठी रडले, हार्लनसाठी रडले, आणि ‘मी बघते’ म्हणून दहा महिने खिडकीतून नुसतं बघत बसले त्यासाठीही रडले.

पुढच्या शुक्रवारी त्याच्या गाडीतून कोंबडी उतरली. शेजारच्या गावच्या खाटकाने शंभराच्या वर तुकडे बघून विचारलं म्हणे, ‘लग्न आहे का?’ ऑर्विन ‘नाही’ म्हणाला. खाटकाने आणखी विचारायला हवं होतं, पण तोही आमच्याच मुलखातला.

माझ्या मोरीच्या खिडकीतून त्याच्या घराचा बाजूचा ओटा दिसतो. त्याने तिथे कपड्यांचा मोठा टब मांडला, कढत पाणी ओतलं आणि भांडी साबणात बुडवली. घरात आलेलं भांडं आलं त्याहून स्वच्छ परत जावं, असं अर्डिस म्हणायची. तो आपल्या परीने तिचा शब्द पाळत होता. मग मी पाहिलं, तो टबातून काहीतरी एकेक उचलून कठड्यावर वाळत घालतो आहे. टेपच्या पट्ट्या. सगळ्या सुटल्या होत्या.

आता जाऊन सांगावं, मला वाटलं. मायर्नाचं निळ्या फुलांचं. पाद्रीबाईंचं कडेला मूठ असलेलं. माझं साधं, पण बुडाला हार्लनने सळईने पाडलेला ओरखडा. मला सतरापैकी बारा तरी ओळखता आली असती. मी अंगात कोटसुद्धा घातला. मग वाटलं, तो म्हणेल, ही खिडकीतून बघत होती. मी कोट काढून ठेवला. ऑर्विनने घरातून नवी टेप आणली आणि काट्यावर वजनाच्या पावत्या लिहायचा तशा ठाशीव अक्षरांत अठरा पट्ट्या लिहिल्या. अठरावी त्याच्या घरचीच, अर्डिसचं भांडंही त्याने त्याच टबात घातलं होतं.

शनिवार आणि रविवार त्याचा ओव्हन थंड झाला नाही. एका वेळी दोन भांडी बसायची. खिडकीच्या काचेवर वाफ, गल्लीभर सेजचा आणि लोण्याचा वास. तो गाडीत दोन भांडी ठेवायचा, आजूबाजूला टॉवेल खोचायचा, ताशी दहा मैलांनी गाडी हाकायचा. दार उघडलं की म्हणायचा, ‘भांडं.’ बायका म्हणायच्या, ‘अरे, कशाला एवढं!’ तो म्हणायचा, ‘उशीर झाला.’ त्या म्हणायच्या, ‘कसला उशीर, आम्ही तर विसरूनच गेलो होतो.’ अशी सोळा घरं खोटं बोलली. रविवारी चारला तो माझ्याकडे आला. मीही तेच बोलले.

मी झाकण काढलं. कातडं बरोबर उन्हाळी गव्हाच्या रंगाचं होतं. क्रॅनबेरी फुटून पावात लाल उतरल्या होत्या. मी पहिला घास घेतला आणि उठून नळाशी गेले.

त्याने दोन चमचे घातले होते. सूपचे. सुरीने वरचा थर सपाट करून, तंतोतंत. शिवाय डब्यातलं कोंबडीचं पाणी, ज्यात आधीच मीठ असतं. चूक माझी होती. बारका चमचा असं मी सांगितलंच नव्हतं. ज्याला लाल गव्हातला फरक विचारावा लागतो, त्याला चमच्यातलाही सांगायला हवा होता.

सातला मायर्नाचा फोन आला.

‘तुझ्याकडे आलं?’

‘आलं.’

‘खाल्लंस?’

‘खाल्लं.’

‘वेगळंच होतं, नाही?’

आमच्याकडे पदार्थाला ‘वेगळं’ म्हटलं की त्यापुढे अपील नाही. ‘वेगळं होतं,’ मी म्हटलं.

‘गोर्डी पाच ग्लास पाणी प्यायला.’

‘थंडीत पाणी प्यावंच माणसाने.’

‘संपवलं आम्ही.’

‘मीही.’

‘भांडं किती छान घासलंय गं त्याने. इतकं छान की माझं मलाच ओळखू येईना. माझ्यावर फुलं होती.’

‘घासून गेली असतील.’

‘काचेतली फुलं?’

‘कोमट पाण्याने जातात कधीकधी.’

‘हं,’ मायर्ना म्हणाली. ‘तुझं तुला बरोबर आलं ना?’

मी भांडं उलटं धरून बघतच होते. ‘आलं,’ मी म्हटलं.

सतराही घरांनी ते कोंबडं संपवलं. कुत्र्याला घातलं नाही, टाकलं नाही. त्या रात्री टॉर्विकची पाण्याची टाकी अर्धी झाली असेल. दुसऱ्या दिवसापासून गावातल्या बायका एकमेकींची भांडी आपापल्या नावाने वापरायला लागल्या. मायर्नाची निळी फुलं हल्ली चर्चच्या जेवणात पाद्रीबाईंच्या नावाने येतात. मायर्ना स्वतःच्याच भांड्यातून वाढून घेते आणि म्हणते, ‘सुंदर भांडं आहे हो तुमचं.’

सोमवारी दहाला मी कॉफीच्या दुकानात होते. ऑर्विन आत आला आणि दाराशीच थांबला. पुरुषांचं टेबल त्याच्याकडे वळलं. गोर्डीने खुर्चीवरची टोपी उचलून आपल्या डोक्यावर ठेवली. ऑर्विन बसला.

‘थंडी आहे,’ गोर्डी म्हणाला.

‘आहे.’

‘कोंबडी बरी झाली होती हं.’

‘मीठ?’

‘होतं.’

‘पुरेसं होतं?’

‘पुरेसं होतं,’ गोर्डी म्हणाला आणि पाण्याचा ग्लास मागवला. मी पाठ फिरवून बसले, कारण मला हसूही येत होतं आणि दुसरंही काही येत होतं. अर्डिस, आला बघ, असं मी मनात म्हटलं. माझं काम झालं.

झालं नव्हतं. माझ्या घरी जे भांडं होतं त्याच्या बुडावर ठाशीव अक्षरांत लिहिलं होतं: अर्डिस.

बाकीच्यांनी चुकीचं भांडं गिळून टाकलं, ते ठीक. जिवंत बाईचं भांडं कधीतरी फिरून येतं. पण गेलेल्या बायकोचं, तिने सणाचं कोंबडं ज्यात केलं तेच भांडं शेजारणीने ठेवून घ्यायचं? ते परत करायला हवं होतं. परत करायचं म्हणजे सांगायला हवं, ऑर्विन, तू चुकलास. सतरा भांडी त्याने कशीबशी पोचवली, टेबलावर जाऊन बसला, आणि मी त्याला चूक काढून दाखवायची? सोमवार गेला. मंगळवारी मी भांडं टेबलावर ठेवलं आणि त्याच्याभोवती जेवले. बुधवारी कपाटात ठेवलं आणि पुन्हा काढलं.

गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण. मी मुलीकडे डुलूथला जाणार होते, पण पहाटे रस्त्यावर काचेसारखं बर्फ धरलं आणि तिने फोन केला, ‘आई, नको येऊस.’ घरात सूपचा एक डबा होता. मी तो उघडणार होते. मग ते भांडं पुन्हा समोर आलं आणि माझा मलाच राग आला. तीस वर्षं चाळीस पोरांना वादळातून घरी नेऊन सोडलं, आणि एका म्हाताऱ्याला चार शब्द सांगायला घाबरते!

फ्रीजरमध्ये मांड्यांचे तुकडे होते, शिळा पाव होता, उन्हाळ्यात वाळवलेला सेज होता. रिकामं भांडं परत करता येत नाही, त्यामुळे काय करायचं हा प्रश्नच नव्हता. दोन बारके चमचे मीठ. अकराला ओव्हनमध्ये, सव्वाबाराला बाहेर. मी कोट घातला, भांडं टॉवेलात गुंडाळलं आणि बदकासारखी पावलं टाकत रस्ता ओलांडला.

मी दार वाजवायच्या आत त्याने उघडलं. इस्त्रीचा शर्ट घातला होता.

‘ऑर्विन,’ मी मुठीला हात लावायची वाटसुद्धा पाहिली नाही, ‘तू चुकलास. मला अर्डिसचं भांडं दिलंस.’

त्याने भांड्याकडे पाहिलं. डाव्या कोपऱ्यावर काचेचा टवका उडालेला आहे, त्यावर अंगठा ठेवला.

‘हा माझ्याच हातून उडाला,’ तो म्हणाला. ‘लग्नाच्या पहिल्या वर्षी. ती तीन दिवस बोलली नाही. बाकीची भांडी माझ्याकडून इकडची तिकडे झाली असतील, लव्हॉन. हे मला अंधारातसुद्धा ओळखू येतं.’

मी त्याच्या खांद्यावरून आत बघितलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन ताटं मांडली होती. दोन काटे, दोन सुऱ्या, दोन ग्लास. घडी घातलेल्या रुमालांवर कसलीशी बारीक धूळ होती.

‘ताटं केव्हापासून मांडलीस?’

‘रविवारपासून.’

मी तीस पावलांवर राहते. चार दिवस तो इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी बसला होता आणि मी समोरच्या घरात भांडं कपाटात ठेवत होते नि काढत होते. इतकी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

‘आत ये,’ तो म्हणाला. ‘गार होईल.’

आम्ही जेवलो. क्रॅनबेरी जरा कमी पडल्या होत्या, पण सेज बरोबर होता. पहिला घास त्याने सावकाश चावला. मग म्हणाला, ‘हेच.’ आणि थोड्या वेळाने, ‘मीठ मात्र कमी आहे.’ मी मिठाची बाटली त्याच्याकडे सरकवली. शेवटचा तुकडा भांड्यात राहिला. तो म्हणाला तू घे, मी म्हटलं तू घे, मग अर्धा अर्धा केला, मग त्या अर्ध्याचाही अर्धा ठेवला, तसाच राहिला.

अर्डिसचं भांडं त्याने स्वतः घासलं आणि चुलीशेजारी त्याच्या नेहमीच्या जागेवर ठेवलं. मी कोट चढवला.

‘आणि माझं भांडं कुठाय?’

‘वर फळीवर,’ तो म्हणाला. ‘बुडाला ओरखडा आहे ते.’

‘दे मग.’

‘रिकामं आहे,’ ऑर्विन म्हणाला. ‘रिकामं कसं देऊ?’

खरं होतं ते.

त्याने दाराच्या मुठीला हात लावला, आपल्याच घराच्या. ‘पुढच्या गुरुवारी भरून आणतो,’ तो म्हणाला. ‘तुला चालणार असेल तर.’

मी टोपी कानांवर ओढली, पायरीवरचं बर्फ पाहिलं.

‘बघू,’ मी म्हटलं.